उंबऱ्याला परवानगी नाही

मी नाशिकरोडचं घर सोडलं त्या दिवशी माझी आई रडली नाही. ओरडली.

टॅक्सी दारात उभी होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅगा डिकीत ठेवल्या होत्या आणि उरलेल्या दोरीचे तुकडे खिशात कोंबले होते, कारण दोरी वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्या लग्नाला काही महिनेच झाले होते. संदीप नोकरीसाठी आधीच सौदीला पोचला होता आणि माझा व्हिसा नुकताच आला होता. मी चपला घालून दारात घुटमळत होते. एक पाय बाहेर, एक उंबऱ्यावर. आईला काहीतरी सांगायचं होतं आणि ते नेमकं काय, तेच आठवत नव्हतं. आमच्या घराला लागूनच आमची पिठाची गिरणी. ती आई चालवायची, आणि जन्मभर पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे तिला हळू बोलता येतच नाही. त्या दिवशी गिरणी बंद होती, तरी तिचा आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडपर्यंत गेला असणार. "उंबऱ्यावर काय उभी राहतेस? एकतर आत ये, नाहीतर बाहेर जा!"

मी बाहेर गेले. विमानतळ येईपर्यंत नुसती धुमसत होते. लोकांच्या आया हातावर दही घालतात, पदराने डोळे पुसतात, पोचलीस की फोन कर म्हणतात. मला मिळाली शिस्त.

हे आता आठवायचं कारण आमच्या घराचा जिना. हसू नका. तुमच्यापैकी जे तिकडे राहिलात, त्यांना वाटतं आम्ही इकडे एसीत बसून खजूर खातो. जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना ठाऊक आहे की इथे माणसाचं निम्मं आयुष्य कसल्या ना कसल्या मंजुरीची वाट बघण्यात जातं. कधी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कधी व्हिसा, कधी शाळा. माझं जवळजवळ सबंध वर्ष एका जिन्याने खाल्लं. बरं, तो जिना वर गच्चीत जाणारा असता तरी समजू शकले असते. हा खाली तळघरात उतरणारा!

आम्ही धाहरानजवळ राहतो. संदीप अबकैकच्या प्लांटवर एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जाते आणि संध्याकाळी वाळूच्या रंगाचा करून परत आणून सोडते. मी आले तेव्हा आमचा एक फ्लॅट होता, त्याची खिडकी उघडायची नाही. बाईने गाडी चालवायची सोय नव्हती, म्हणून कोथिंबीर आणायलासुद्धा संदीपच्या सुट्टीची वाट बघायची. फोनसाठी बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, कार्ड आणायचं. त्यातलं निम्मं आईच्या ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’मध्येच संपायचं. आता मी स्वतः दम्मामपर्यंत गाडी मारते, कोथिंबीर मोबाईलवर मागवते, आणि आई रोज व्हिडिओवर दिसते. दिसते म्हणजे तिचं कपाळ दिसतं. कितीदा सांगितलं, आई, फोन खाली धर. पण नाही. इतकं सगळं बदललं, पण ती तिकडे आणि मी इकडे, हे काही बदललं नाही.

अण्णा गेले. त्यानंतर आई त्या घरात एकटी. गिरणी तिने एकाला चालवायला दिली आहे, पण दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसते आणि त्याचं पीठ चिमटीत घेऊन नावं ठेवते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती न्हाणीघरात पडली. बराच वेळ तशीच पडून होती. शेजारच्या कुलकर्णी काकूंना तिच्या घरातला नळ चालूच राहिल्याचं कळलं म्हणून त्या आल्या. हे मला कधी कळलं? आईला पुन्हा चालता यायला लागल्यावर. तेही काकूंकडून, बोलता बोलता. मी फोनवर इतकी तडकले की संदीप बाहेरच्या खोलीतून धावत आला.

"पडले होते, मेले नव्हते," आई म्हणाली. "त्यात सांगायचं काय?"

त्या दिवशी मी ठरवलं, आता बास. हिला इकडे आणायचं. इतकी वर्षं दरवेळी तिच्याकडे नवीन कारण तयार असायचं. गिरणी आहे. गुडघा आहे. तिकडे ऊन फार. मी तिथे काय करू, भिंतीशी बोलू? पण या खेपेला बहुधा तीही घाबरली होती, कारण तिने चक्क हो म्हटलं. मात्र एक अट घातली. आमच्या घरात जमिनीलगत दोनच झोपायच्या खोल्या, एक आमची, एक सईची. सई म्हणजे आमची लेक, तेरा वर्षांची. आईच्या गुडघ्याला जिना नको, म्हणजे सईची खोली आईला. आणि आई म्हणाली, "पोरीची खोली हिसकावून मी येणार नाही. तिची दुसरी खोली आधी तयार कर. मग तिकीट काढ. त्याआधी काढलंस तर मी विमानात बसणार नाही, सांगून ठेवते." ती बसली नसतीच. मी तिला ओळखते.

सईची दुसरी खोली म्हणजे तळघर. आमचे घरमालक अबू फहद शेजारच्याच घरात राहतात. माणूस दिलदार. तळघरात त्यांचा जुना सोफा आणि सिमेंटची पोती पडली होती. मी विचारलं तर म्हणाले, घ्या, वापरा, तुमचंच आहे. फक्त तिथे कुणी झोपणार असेल तर नगरपालिकेची मंजुरी लागेल, आणि मंजुरी हवी तर जिना कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, पूर्ण करावा लागेल, कारण सध्या तो नुसताच ओबडधोबड काँक्रीटचा आहे. "माफी मुश्किला," म्हणाले. काही अडचण नाही. या देशात कुणी माफी मुश्किला म्हटलं की खुर्ची घेऊन बसावं, कारण अडचण तिथूनच सुरू होते.

सईला तळघर मिळणार म्हटल्यावर ती खूश. "माय ओन फ्लोअर!" म्हणाली आणि मैत्रिणींना कळवूनही टाकलं. संदीपने आपल्या परीने एक वाक्य दिलं. "कोड म्हणजे कोड." त्यानंतर प्लांटवर मोठं शटडाऊन लागलं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती, आणि तो घरी फक्त झोपायला यायला लागला. मॉलमध्येसुद्धा सरकत्या जिन्यावर आमच्यावर ‘हँडरेल! हँडरेल!’ म्हणून खेकसणारा हा माणूस. घरातला एक जिना बांधायची वेळ आली तर गायब.

मग मी अन्वर मिस्त्रींना गाठलं. ते मूळचे लखनौकडचे, इथे माझ्याही आधीपासून. काहीही विचारा, उत्तर एकच. "हो जाएगा बाजी." पायऱ्यांवर संगमरवर बसवायचा? हो जाएगा. खालच्या फरशीला टाइल? हो जाएगा. खिडकीचे गज काढून आतून उघडणारी जाळी, कारण आग लागली तर सईला बाहेर पडता आलं पाहिजे? वो भी हो जाएगा. आणि झालंही, भराभर. मी आईला व्हिडिओवर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या दाखवल्या. "छान," आई म्हणाली, पण जरा पडेल आवाजात. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी तिच्या तिकिटाचे दर बघत होते.

तपासणीला नगरपालिकेच्या वतीने एका इंजिनिअरिंग ऑफिसातून बाई आली. नूरा तिचं नाव. सईहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगावर अबाया, पायात जाडजूड सेफ्टी बूट, डोक्यावर हिजाब आणि त्यावर हेल्मेट. मी आले तेव्हा इथे बाईला गाडी चालवता येत नव्हती. आता बाई स्वतःची गाडी चालवत येऊन माझा जिना नापास करत होती. याचा आनंद मानावा की कपाळावर हात मारून घ्यावा, ते कळेना. वागायला गोड पोर. कॉफी घेतली, सईच्या शाळेची चौकशी केली, सगळ्या पायऱ्या खालपासून वरपर्यंत मोजल्या आणि हसून म्हणाली, "मॅम, आय कान्ट पास धिस."

झालं होतं असं, की संगमरवरामुळे सगळ्या पायऱ्या वर आल्या आणि हॉल होता तिथेच राहिला. त्यामुळे सगळ्यात वरची पायरी बुटकी झाली. बोटभर. नूराने मला वर-खाली चालायला लावलं. खरंच, वरच्या पायरीशी पाय दरवेळी जरा जास्तच उंच जात होता. ती म्हणाली, पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो, पुढे माणूस खाली बघत नाही. सगळ्या सारख्या हव्यात. मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी छताकडे बघितलं.

सगळा संगमरवर उखडला. नवी मापं घेतली, पायऱ्या पुन्हा केल्या. घरभर इतकी धूळ झाली की वरणाला खडूची चव यायला लागली. आईला फोन केला. रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे गं. घाई कसली? जिना नीट होऊ दे." मला भरून आलं. म्हटलं, बघा, आई किती समजून घेते.

नूरा पुन्हा आली. या वेळी पायऱ्या अगदी बरोबर होत्या. पण जिन्याच्या मध्यावर वरून एसीचा मोठा पत्र्याचा डक्ट जातो, तिथे डोक्यावर जागा कमी पडली. मागच्या वेळी का नाही सांगितलं, मी विचारलं. मागच्या वेळी पायऱ्या वेगळ्या होत्या, ती म्हणाली. पायऱ्या बदलल्या की डोक्यावरची जागा बदलते. त्या रात्री मी हे संदीपला सांगितलं तर हा सेफ्टी इंजिनिअर मला म्हणतो कसा, "मी वाकून जातो की."  शिवाय त्याच खेपेला नूराने कठड्याच्या दांड्याचं टोक सरळ सुटलेलं बघितलं, आपल्या अबायाची बाही त्यावर अडकवून दाखवली आणि म्हणाली, असं अडकलं की माणूस उलटा पडतो, टोक भिंतीकडे वळवून घ्या. बाई माझी! तीच बाही आणखी कुठे अडकेल या भीतीने मी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या तपासल्या.

डक्ट हलवायला वेगळी माणसं आली. ती ‘बुकरा’ म्हणून गेली आणि त्यांचा उद्या उगवायला कितीतरी दिवस लागले. सई चिडचिड करायला लागली. तिची पुस्तकं खोक्यांत, कपडे बॅगेत, आणि खोली अजून तीच. "आजी इज नेव्हर कमिंग," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. ओरडले, कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं. रोज फोनवर आईचा चेहरा, जेवढा दिसेल तेवढा, थोडा बारीक दिसायचा, आणि चालताना ती भिंतीला हात लावून चालते हे ती लपवायची. तिच्या मागे भिंत सरकताना दिसायची, त्यावरून मला कळायचं. ती पुन्हा पडली तर? नळ चालू नसला तर? कुलकर्णी काकू मुलाकडे पुण्याला गेलेल्या असल्या तर? इतक्या लांब बसून मी एका पत्र्याच्या डक्टपायी अडकले होते. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि गंमत अशी, की आईला त्या जिन्यात भलताच रस. डक्ट हलला का? कठडा कशाचा केला? ती बाई पुन्हा कधी येणार? काही अडलं असं म्हटलं की तिचा आवाज मोकळा व्हायचा, मग ती गिरणीतल्या गमती सांगत बसायची. मला वाटलं, माझं मन रमवतेय.

शेवटी सगळं जमलं. आता फक्त रंग आणि वरचं दार. मी आईला व्हिडिओवर फिरवून दाखवत होते. अचानक ती ओरडली, "थांब, थांब! मागे घे! त्या जिन्याच्या दाराला उंबरा कुठाय?"

"आई, इथे दारांना उंबरे नसतात."

"नसतात म्हणजे काय? तळघराचं दार, खाली अंधार, आणि उंबरा नाही? किडामुंगी सरळ वर येईल. आणि घराला काही मर्यादा हवी की नको? ते काही नाही. उंबरा बसव, मग मी येते."

मी वाद घातला. तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य, "बसवलास?" तिसऱ्या दिवशी तेच. मी हात टेकले. म्हटलं, एवढ्याने येत असेल तर येऊ दे बाई. मिस्त्रींना विचारलं आणि उत्तर तुम्हाला माहीतच आहे. उरलेल्या संगमरवरातून चार बोटं उंच, देखणा उंबरा झाला. संदीप त्या आठवड्यात घरी जेवायलासुद्धा जागा नव्हता, त्याला दाखवायचं राहिलं. मी हळदकुंकू वाहिलं आणि आईला फोटो पाठवला. खरं सांगू? मलाही तो आवडला होता. इतक्या वर्षांत इथल्या कुठल्याही दारात मी थबकले नव्हते. सगळीकडे नुसती सपाट फरशी, खोलीतून खोलीत कधी गेलो तेही कळत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हं, हे दार आहे.

नूरा आली. पायऱ्या, डक्ट, कठडा, खिडकी, वर-खाली दोन्हीकडे दिव्याची बटणं, सगळं पास. मी मनातल्या मनात तिकीट काढून मोकळी झाले. मग ती वर आली आणि दारात थांबली. खाली वाकली. हळदीवर बोट टेकवून विचारलं, हे पिवळं काय? मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं. आईचं, घराचं, सगळं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, अल-अहसाला तिच्या आजीच्या घरीही असाच होता, ते त्याला ‘अतबा’ म्हणतात. आजी त्यावरूनच पडली. कंबर मोडली, पुन्हा उठली नाही. "खाली धूर झाला, तुमची मुलगी अंधारात धावत वर आली, तर ती इथेच अडखळेल," ती म्हणाली. "मॅम, आय अंडरस्टँड. बट नो."

मला एवढा संताप आला! तिचं बरोबर होतं याचाच जास्त आला. ती गेल्यावर मी त्या उंबऱ्यासमोर बसकण मारली आणि आईवर, नूरावर, मिस्त्रींवर, या सपाट देशावर, सगळ्यांवर मनसोक्त चिडून घेतलं. संध्याकाळी संदीप आला. दारात अडखळला. "हा कुणी बसवला?" त्याने विचारलं. माझा चेहरा बघून पुढचं तो बोलला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्याचा एवढा तरी फायदा.

मिस्त्रींनी उंबरा फोडला. खलास. दुसऱ्या दिवशी नूराने सही केली. आणि मी आईला सांगितलंच नाही. मंजुरी मिळाली एवढंच सांगितलं, आणि व्हिडिओवर ते दार आलं की फोन वर धरायचा. पंखा दाखवायचा, दिवे दाखवायचे. आईचं कपाळ आणि माझं छत, असं आमचं बोलणं चालायचं. माझा साधा विचार होता. एकदा विमानातून उतरली की काय करणार आहे? परत तर जाणार नाही.

व्हिसा आला. निघायच्या दिवशी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, तुझी आई गेली बाई एकदाची. पण दारातून निघेचना. कुलूप हातात, पिशवी काखेत, आणि उंबऱ्यावर नुसती उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी हाक मारली तर ऐकू येत नसल्यासारखी. शेवटी मीच ओरडले, अहो सुमनताई, एकतर आत जा, नाहीतर बाहेर या! तेव्हा कुठे हलली."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या वर्षांपूर्वी माझ्यावर ओरडली होती ती बाई. तिला माहीत होतं तर उंबऱ्यावर उभं राहिलं की काय होतं.

दम्मामला ती व्हीलचेअरवर बसून बाहेर आली आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला मराठीतून सूचना देत होती. मांडीवर भाजणीची पिशवी. सामानात टाकली नाही, पीठ दाबलं जातं म्हणून. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता निघाली पाहणीला. सईची खोली, मोरी, गॅस, फ्रिज. मग जिन्याचं दार. मी पाठोपाठ, तोंडात भाषण तयार. आई, धूर होतो, अंधार असतो, सईसाठी केलं. आईने चौकट धरली, पाय उचलला, चांगला वीतभर उचलला, आणि जिथे काहीच नव्हतं ते ओलांडून पलीकडे ठेवला. मग खाली बघितलं.

"काढलास ना?"

मी जिन्यातला दिवा लावला.

"मला केव्हाच कळलं होतं. सारखा पंखा दाखवत होतीस. पंखा बघायला येणार होते का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पुन्हा बसवला असतास. आणि बरंच केलंस. या गुडघ्याने मला कुठे उंबरा ओलांडवतोय रोज?"

मला काय वाटलं असेल याची तुम्हीच कल्पना करा. दिवसच्या दिवस ती धूळ, तो खर्च, तो संगमरवर! मी ओरडलेच. "आई, मग बसवायला कशाला लावलास? त्यापायी तुझं येणं पुन्हा अडलं!"

तिने कठड्यावरून हात फिरवला. वळवलेलं टोक दोनदा चाचपलं. आणि पहिल्यांदाच मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "म्हणूनच लावला गं. तुमच्यात ती बाई एवढ्या-तेवढ्यावरून नाही म्हणते, हे कळलं होतं मला. म्हटलं, उंबऱ्यावरून तरी नक्की नाही म्हणेल. तुला नाही कसं म्हणू? आणि निघायचं कसं? मला भीती वाटत होती. अण्णांचं घर ते. कुलूप लावून निघायचं म्हणजे..."   मला राग आला होता, आणि तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम. मी आधी चहा टाकला.

आता सई खाली राहते. आजी वरून जिन्यात ओरडते, "सई, जेवायला!" आणि खालून येतं, "कमिंग, आजी, डोन्ट शाऊट!" अबू फहदने एकदा काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, माफी मुश्किला. थालीपिठाचा वास त्यांच्या अंगणापर्यंत जातो, आणि त्याची ताटली पाठवली की परत येताना ती खजुराने भरून येते. आई खजूर चिमटीत धरून बघते. अजून नाव ठेवायला काही सापडलेलं नाही.

तिचा व्हिसा कायमचा नाही. आमचाही कुठे कायमचा आहे? इकाम्याची मुदत संपत आली की मी अजूनही झोपेतून दचकून उठते. गेल्या आठवड्यात तिच्या व्हिसाची मुदत वाढवायची की परतीचं तिकीट काढायचं, हे ठरवायची वेळ आली. संदीप म्हणाला, तूच विचार. मी दोन दिवस टाळलं. ती ‘जाते’ म्हणाली तर? आणि ‘राहते’ म्हणाली, तर नाशिकरोडचं ते घर? आजवर कुणी ‘घरी कधी जाणार?’ विचारलं की मी त्याच दाराचं नाव सांगत आले. ते दार कायमचं बंद झालं की मी कुठलं नाव सांगणार?

मी सईची चादर बदलून वर आले. आई हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून लसूण सोलत बसली होती. मी जिन्याच्या दारात थांबले, हातात मळकी चादर. विचारायचं होतं. 

"उंबऱ्यावर काय उभी राहतेस?" तिने मान वर न करता हाक दिली. तोच आवाज, गिरणीवरचा. "एकतर आत ये, नाहीतर बाहेर जा!"

"आई, इथे उंबरा आहे कुठे?"

तिने वर बघितलं. "मग तू कशावर उभी आहेस?"

मी आत गेले. चादर बाजूला टाकली, तिच्यासमोर बसले आणि एका दमात विचारून टाकलं, "आई, राहतेस का इथेच?"

तिने अर्धा गड्डा माझ्याकडे सरकवला. "आधी लसूण सोल," म्हणाली. "परवाच्या चटणीलाही लागेल. आणि पुढच्या महिन्यात ते भाजणीचं धान्य कुठे मिळतं ते बघायला मला घेऊन चल. इथलं पीठ काही खरं नाही."